सुनंदाची पुस्तकं

मुखेड, मंगळवार, सांजच्याला

मंगल पोरी, मी सांगितलेलं कालचं पान लिहून कुठं ठेवलंस तेच विसरलीस. अन् वर मला लिहिता येत न्हाई म्हणून मलाच हसतीस!

लिही. निवडणुकीला उभी राहिलेली आपली सुनंदा मास्तरीण निवडून आली तर वाचनालयातल्या पोथ्या फेकणार, अशी अफवा उठली. लोक खवळतील म्हणून भिऊन वाचनालयवाल्यांनी तिनं दिलेलीच पुस्तकं काढली. कपाटाचा मधला खण रिकामा. दर गुरुवारी ती त्यातलंच आम्हा बायांना वाचून दाखवायची.

आज गिरणीवर म्हटलं, "बायांनो, हे खोटं हाय." शेजारची कमल हसली, "आज्जी, तुमीच तर सांगितलं व्हतं!"

सांगितलं होतं खरं. कशाला बोलले मी? आता तो रिकामा खण कशानं भरू?

सुनंदा सकाळपासून जेवली न्हाई म्हणे. उद्या तिला धपाटे आन् दही पाठव. कुणी दिलं, ते सांगू नको.