सावडीने सोडलेल्या सवयी

तीर्थरूप बजरंगदाजींच्या चरणी वडिवळ्याहून मेहुणा श्रीपती याचा दंडवत. (गुडघ्यांमुळे उभ्यानेच घातला आहे, पण पोचला असं मानावं.) आक्काचं ब्लडप्रेशर कसं आहे? कंपनीतून रिटायर झाल्यापासून तुम्ही सुदुंबऱ्यात सकाळी शेताला चक्कर मारता आणि दिवेलागणीला जेवून घेता, हे ऐकून आनंद वाटतो आणि थोडा रागही येतो. फोन न करता पत्र का लिहितोय, ते पुढे कळेलच.

पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या पोराने, गौरवने, मला कामशेतच्या अनघा डॉक्टरांकडे नेलं. रक्तात साखर निघाली. बाईंनी माझ्या दिवसभराची हकीकत विचारली आणि ती ऐकून म्हणाल्या, की तुमच्या चार सवयी एकमेकींचा हात धरून चालतात. रात्री टीव्हीपुढे जागता, म्हणून सकाळी अंग जड, अंग जड म्हणून गोड चहा, चहावर तंबाखू, तंबाखू चघळत पारावर बूड टेकलं की दुपारपर्यंत उठणं नाही, आणि दिवसभर हललं नाही तर रात्री झोप कुठून येणार? तेव्हा चारही एकदम सोडा. (लोणावळ्याला रेल्वेत गँगमन होतो तेव्हा एक रूळ हलवायला गँग लागायची. इथे मी एकटा.)

हे मी पारावर सांगितलं. आमच्या आळीतल्या मारुतीला आणि भामाबाईलाही बाईंनी हेच सांगितलेलं होतं. भामाबाईने तोड काढली, "आरं शिरपती, लावणीला आपुन सावड करतो न्हवं? कुनी रोप उपटतं, कुनी वाहतं, कुनी लावतं, अन् भात समद्यांचं पिकतं. तसंच करू की." तुम्ही हसाल, पण त्या वेळी मला यात काही चूक दिसेना. आमची खाचरं एकमेकांच्या हातांनी अशीच लावली जातात. ठरलं. मी तंबाखू सोडायची, भामाबाईने गोड सोडायचं आणि मारुतीने तिघांच्या वाटचं चालायचं. जागरणाला माणूस कमी पडलं, म्हणून ते तसंच ठेवलं.

तंबाखू मी खरोखर सोडली. पण रिकामं तोंड गप्प बसेना, म्हणून गूळ-शेंगदाणे सुरू झाले, ते दिवस मावळला तरी चालूच. होती नव्हती ती झोपही उडाली. भामाबाईने साखर सोडली आणि दाताला लावायची तंबाखूची मिश्री दुप्पट केली. शिवाय घरात अशी कावू लागली, की सुनेनेच गुपचूप तिच्या चहात साखर टाकायला सुरुवात केली. मारुती मात्र इमानाने चालला. माझ्या वाटचं चालणं म्हणून माझा फोनही खिशात घालून न्यायचा, कारण त्यात पावलं मोजली जातात आणि ती गौरवला वलवणला त्याच्या घरी बसून दिसतात. पोरगं खूश, मला रोज शाबासकी. फक्त मारुती चालायचा तो रस्त्यावरच्या वडापावच्या गाडीपर्यंत, आणि पोट भरलं की परत यायचा जीपने.

परवा तिघांचे रिपोर्ट आले, तिघांचेही पहिल्यापेक्षा वाईट. एवढं चालून साखर वाढते कशी, असं बाईंनी मला विचारलं. माझ्याआधी भामाबाईनेच मोठ्या अभिमानाने अख्खी सावड समजावून सांगितली (गौरव शेजारीच उभा होता). बाईंनी तिन्ही रिपोर्ट मिटून ठेवले. मग म्हणाल्या, "आजी, भात एकमेकांचं लावता येतं. शरीर ज्याचं त्यानंच सांभाळायचं असतं."

 घरी आल्यावर गौरवने माझा फोन काढून घेतला आणि निकाल दिला, की दसऱ्यानंतर पुन्हा तपासणी, साखर उतरली नाही तर घराला कुलूप आणि मी कायमचा वलवणच्या फ्लॅटवर. पोरगं वाईट नाही, घाबरलंय. पण दाजी, तिथे लिफ्ट आहे, सोफा आहे, भिंतीएवढा टीव्ही आहे, आणि सूनबाई अमृता मायेने घडीघडीला चहा विचारते. माझ्या सवयींची तिथे उत्तम सोय आहे. मला फार भीती वाटते. ही गेल्यावर एकटा पडलो, पण निदान हिच्या घरात आहे.

असो. आक्काला हे पत्र वाचून दाखवू नका, मला शिव्या घालील. घरातल्या लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
श्रीपती

ता. क. वाचून दाखवलंच असेल, तर दोघंही या आणि दसरा होईपर्यंत राहा. धरणाकडची हवा आक्काला मानवते.

ता. क. दुसरा. हवेचं निमित्त आहे. गौरवचा आता फोनमधल्या पावलांवर विश्वास नाही, माझ्यावर तर नाहीच. तुमच्या शब्दावर आहे. तुम्ही कधी खोटं बोलत नाही, ही तुमची खोड मला लग्नघरापासून जाचत आली. तर रोज संध्याकाळी तुम्ही त्याला फोन करून सांगायचं, की श्रीपती आज धरणापर्यंत चालला. तुमच्यावर खोटं बोलायची पाळी येऊ नये, म्हणून मी चालेन. एकट्याच्याने होत नाही, दाजी.