गढी राखणारा खुशाल

१२ जानेवारी २०२५, अमरावती
गजेंद्रचा फोटो पेपरात! "राखे घराण्याचा इतिहास शोधणारे अकोल्याचे गजेंद्र राखे." शोधणारे म्हणे. मोडीचा वर्ग दोन महिने मी केला. खुशाल — आमचे खापरपणजोबा, १८६०च्या सुमाराचे — त्यांचा एकुलता एक कागद महादेवकाकांच्या पेटीतून मी काढला. "खुशाल गढी राखे" हे मी वाचलं. पाटलाची गढी राखायचे म्हणून आडनाव राखे. आमच्या या चुलतभावाने काय केलं? माझ्या वहीचे फोटो काढून नेले. जळफळाट होतोय नुसता. निदान इथे तरी लिहिते.

१९ जानेवारी
फोन केला. बातमीत माझं नाव का नाही, एवढंच विचारायचं होतं. तब्येतीपाण्याचं बोलत बसले. तोच म्हणाला, "ताई, कागद सांभायून ठेवले तं कोणाले समजते? पुस्तक काहाडा लागते." मागून त्याची बायको रूपाली — "ताईले प्रकाशनाले बलवा बरं." म्हणजे मी पाहुणी. लग्न केलं नाही, साठीतही राखेच आहे मी, आणि पाहुणी!

२ फेब्रुवारी
त्याने फाटकावर पितळी ढाल-तलवार बसवली. धाकट्या बहिणीने, चंदाने, फोटो पाठवला, खाली हात जोडलेले. आपल्या सख्ख्या बहिणीसाठी हिचे हात कधी जुळले नाहीत.

एक गोष्ट फक्त इथे लिहिते. कागदावर "गढी" असं स्वच्छ नाहीच. कसरीने खाल्लंय, "राखे"च्या आधी एकटा ढ उरलाय. गढी मी बसवली. गजेंद्रला हे ठाऊक नाही. वर्गातल्या सरांनाही मी दाखवलं नव्हतं.

९ फेब्रुवारी
भातकुलीजवळच्या आमच्या मूळ गावी जाऊन आले. तिथल्या पाटील घराण्यातले वामनराव ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांच्याकडे त्याच काळातली वही निघाली, धड. बोट ठेवून वाचलं — "खुशाल ढोरे राखे."

पुन्हा वाचलं. गढी नाही, ढोरं. खापरपणजोबा गावचे ढोरकी होते.

वामनराव म्हणाले, "आमचा आजा सांगे नं. खुशालच्या एका हाकेवर सारी ढोरं माघारी वयत. कावून बाई, वाईट वाटलं?"

वाईट कसलं? मला तलवार आठवत होती. "अकोल्याले कार्यक्रम आहे तेवीस तारखेले, या. आन् हे तिथंच सांगा," असं म्हणून मीच आमंत्रण देऊन आले. एसटीत हसू आवरेना.

१० फेब्रुवारी
पुस्तक उद्या छापायला जातंय. एक फोन केला तर थांबेल.

नाही केला.

१६ फेब्रुवारी
झोप नीट नाही. पण त्याचं तोंड कसं होईल, हे मनात आलं की बरं वाटतं. वाईट आहे मी. असू दे.

२३ फेब्रुवारी, अकोला
पुस्तक हातात आलं. पहिल्याच पानावर, त्याच्या नावाच्याही वर, ठळक अक्षरात — "मोडी वाचन व संपूर्ण संशोधन : शालूताई राखे." गजेंद्रने माइकवरून मला उभं राहायला सांगितलं. लोक टाळ्या वाजवू लागले, आणि पहिल्या रांगेतून वामनराव बोलायला उठले.