टँकरची रांग आणि न मिटलेलं पान

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
अक्षय्य तृतीयेचा आदला दिवस

चि. सोमनाथ यास,

बन्सीकाकाचे पोटभर आशीर्वाद. (घागरभर लिहिणार होतो, पण सध्या तो शब्द जपून वापरतो.) तुझी आणि सूनबाईंची तब्येत ठीक असेलच. पुण्यात अजून नळाला पाणी येतं असं ऐकतो, तेव्हा नसायला काही कारण नाही. तुझी काकू बरी आहे. मी घाबरलेला आहे. तसा एरवीही असतो, पण या खेपेला कारण आहे.

देवगाव रंगारीचं शेत तुझ्या वडिलांवर सोपवून आम्ही इथं फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरनं गॅलरीतून तळं दाखवलं होतं. आता त्या तळ्यात पोरं क्रिकेट खेळतात आणि आमच्या मागं आणखी चार इमारती उठल्यात. बोअरला नुसती हवा येते. टँकरची नोंदणी कॉम्प्युटरवरच होते. सकाळी सातला पान उघडतं आणि चहाला उकळी फुटेपर्यंत भरून जातं. आमच्या सुरेखानं लग्नाआधीचा लॅपटॉप इथं ठेवलेला, म्हणून इमारतीनं मला सेक्रेटरी केलं. (दुसरी कुठली लायकी कुणी विचारली नाही.) त्यात सुरेखानं मेलबर्नहून सांगून ठेवलंय की पाण्याचं नक्की झालं की तिकीट काढते, लेकराला घेऊन कोरड्या घरात कशी येऊ? तिचं बरोबरच आहे. पण नातू दीड वर्षाचा झाला आणि मी त्याला अजून मांडीवर घेतलेलं नाही. टँकर काही लागत नव्हता. पान उघडायचं, गोल चक्र फिरायचं, आणि चक्र थांबेपर्यंत दुसऱ्यांचे नंबर लागलेले असायचे. तो पोरगा शाळेत जायला लागेल आणि मी चक्राकडेच बघत बसेन, अशी मला खरीखुरी भीती बसली.

दुसऱ्या मजल्यावरचे तात्यासाहेब आमचे चेअरमन. ते म्हणाले, दोष ब्राउझरचा. रंगीत चकतीवाला सोडा, कोल्ह्याच्या चित्राचा घ्या. घेतला. टँकरवाला सांडू म्हणाला, "काका, लॅपटॉपसंगं आलेला निळा हाय ना, त्योच लई पळतो." तोही सुरू केला. उघडला की प्रत्येक जण विचारतो, मला मुख्य करता का? कुणाला कशाला दुखवायचं म्हणून मी तिघांनाही हो म्हटलं. एका लग्नात तीन व्याही आल्यावर काय होतं ते तू पाहिलेलं आहेस. लॅपटॉपचा पंखा असा घरघरायला लागला की काकू त्याला कांदा हुंगवायच्या बेतात होती.

तेव्हा तुला फोन केला. टॅब किती उघडे आहेत असं तू विचारलंस, मी म्हटलं सगळे, आणि तू हसायलाच लागलास. अरे, तूही देवगावचाच ना? टँकर यायच्या आधी आपण रांगेत हंडा ठेवून घरी जायचो. हंडा हलला की नंबर गेला. मी रोज सकाळचं पान तसंच उघडं ठेवत होतो, तिन्ही ब्राउझरांत, शिवाय वीजबिलाचं, गॅसचं, वेरूळच्या अभिषेकाचं. मिटलं की आपला नंबर गेला, अशी माझी समजूत. त्यावर तू म्हणालास, सगळं बंद करा, एकच ब्राउझर ठेवा, तो अपडेट करा आणि साठलेलं साफ करा. साठलेलं साफ करा! ज्या घरात कुकरपासून गुलाबदाणीपर्यंत पाणी भरून ठेवलंय, तिथं हे सांगताना तुझी जीभ तरी कशी वळली?

पण केलं. इंजेक्शनच्या वेळी धरतात तशी काकू माझा खांदा धरून बसली. "मिटा आता. काय व्हायचं ते व्हईल," म्हणाली. एकेक पान मिटायचो आणि गॅलरीतून वाकून इमारत जागेवर आहे का बघायचो. कोल्हा काढला, निळा बाजूला सारला, चकतीवाला ठेवला. (यावरून तात्यासाहेबांनी नमस्कार घेणं बंद केलंय.) पंखा गप्प झाला, तेव्हा लॅपटॉप गेलाच असं वाटून मी त्याला कान लावून बघितला.

काल सातला मी चष्मा लावायच्या आत पान उघडलं. बटण दाबलं तर लगेच 'नोंद झाली'. इतक्या झटक्यात झालेलं काम खरं कसं असेल? म्हणून पुन्हा दाबलं. मग खात्रीसाठी आणखी एकदा.

आज फाटकाशी तीन टँकर उभे राहिले. एकात आमची टाकी भरली. उरलेले दोघं हॉर्न वाजवायला लागले तसे मागच्या चारही इमारतींतले लोक हंडे, बादल्या, पिंपं घेऊन धावले. तात्यासाहेबही ड्रम घेऊन आले. आता सगळ्यांची खात्री झाली आहे की माझा हात वरपर्यंत पोचतो. दोघांनी पाया पडून पुढच्या आठवड्याचं विचारून ठेवलंय. मी पडदे लावून हे लिहितो आहे.

काकूचे आशीर्वाद. तुझ्या वडिलांना फोन केलास की माझा नमस्कार सांग. पाणी जपून पी.

तुझा,
बन्सीकाका

ता.क. ईमेल न करता पोस्टानं लिहिलं, कारण ईमेलला आणखी एक पान उघडावं लागतं. आता हिंमत नाही.

ता.क. पाणी आल्याचं सुरेखाला तूच कळव. मी सांगितलं तर बाबा घाईनं सांगतायत म्हणेल.

ता.क. सगळं मिटलं असं तुला फोनवर सांगितलं ते खरं नाही. एक पान ठेवलंय. पाडव्याला सुरेखाशी बोलणं झालं त्याचं. त्यावर 'कॉल संपला' एवढंच आहे आणि खाली 'पुन्हा जोडा'चं बटण. तिकडं रात्र असेल म्हणून दाबत नाही. ते पान चकतीवाल्यात आहे, म्हणून चकतीवाला ठेवला. वेगाबिगाचा काही संबंध नाही. अपडेटही केलेलं नाही, त्याला सगळं बंद करून पुन्हा सुरू करायचं असतं. एवढं एक पान न मिटता अपडेट होत असेल तर कसं ते कळव. होत नसेल तर राहू दे. सुरेखा लेकराला घेऊन दारात उभी राहिली की मी स्वतः ते पान मिटतो.