धुतल्यावर पडलेली भोकं

॥ श्री ॥

उंबरपठार, ता. पारनेर
रविवार, १९ ऑगस्ट १९७३

राजमान्य राजश्री काकासाहेब, मुक्काम कोपरगाव, यांस व्याही उत्तमराव याचा सप्रेम रामराम. विहीणबाई मुक्ताबाईंना नमस्कार. इकडे मी, सहादेवची आई आणि दोन्ही म्हशी सुखरूप आहोत. तुमच्या जावयाचं, सहादेवचं, पलटणीतून पत्र आलं, रजा दिवाळीनंतर मिळेल म्हणतो. आपल्याकडची खुशाली गोरक्षच्या तोंडून समजली. जरा जास्तच समजली.

अक्षर मोठं आलं आणि ओळी वाकड्या गेल्या तर राग मानू नये. लिहायचा पाट डुगडुगतो आहे.

यंदा पाऊस बरा आहे. गेल्या साली पठारावर कुसळ उगवलं नव्हतं, यंदा बाजरी कमरेला लागली. श्रावणाचा वाराही असा सुटलाय की आमची पवनचक्की थांबायचं नाव घेत नाही. तुमच्याकडे पाटाचं पाणी आणि सरकारी वीज, बटण दाबलं की दिवा. अर्थात करंट असेल तर. आमच्याकडे वारा आला की बॅटऱ्या भरतात, आणि बॅटऱ्या भरल्या की गावाला उजेड. लग्नाच्या वेळी तुम्ही आमच्या चक्कीला 'पोराचं भिंगरी-खेळणं' म्हणाला होता. मी विसरलेलो नाही.

आता मुद्द्याचं. माझा पुतण्या गोरक्ष, ज्याला सुनेला आणायला मूळ म्हणून धाडलं होतं, तो परवा एकटाच एस.टी.तून उतरला. ओसरीवर टेकला आणि तुमचा निरोप त्यानं घडाघडा म्हणून दाखवला.

"पाटील म्हनले, पंचमीला पोर आनली ती अंगावर चाळनी घालून आली. तिच्या आईनं लुगडं विहिरीवर धुतलं तर चार बायांच्या देखत हातात चिंध्या आल्या. दिवाळीला आमीच घेतलेलं लुगडं. त्याची ही गत, मंग पोरीची काय गत आसंल? सासऱ्यानं यावं, जाब द्यावा. तवर पोर हितंच ऱ्हाईल."

मला आधी राग आला. मग हसू आलं. मग भागूबाईनं, म्हणजे सहादेवच्या आईनं, माझ्याकडे असं पाहिलं की हसू गिळून कागद घेतला.

काकासाहेब, ते लुगडं जुनं नव्हतं, विटलेलं नव्हतं, आणि तुमच्या लेकीला आम्ही चिंध्यांत ठेवलेलं नाही. ती भोकं ॲसिडची आहेत. बॅटरीच्या ॲसिडचा थेंब सुती कापडावर पडला तर त्या वेळी काही दिसत नाही. डाग नाही, वास नाही. कापड घडीत घाला, नेसा, गावाला जा, सगळं शाबूत. पाण्यात घालून पिळलं की मग त्याचं पीठ होतं. नगरला लष्करी गाड्यांच्या वर्कशॉपात माझी हयात बॅटऱ्यांत गेली, तिथं नवीन गड्याची ओळखच ती, पहिली धुलाई झाली की त्याची विजार बघायची. माझं एकही धोतर धड नाही. भागूबाईला विचारा, ती आनंदानं सांगेल.

म्हणजे जे झालं ते तुमच्या विहिरीवर दिसलं, पण घडलं आमच्या घरात. ते कसं, ते सांगतो.

पेन्शनीत आल्यावर मी लिलावातून ट्रकचा एक डायनामो आणला. गावच्या सुतारानं सागाची पाती तासली. दोन वेळा चक्की मोडून पडली, गावानं दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. तिसऱ्यांदा टिकली. आज तिच्यावर दोन बॅटऱ्या भरतात, आणि त्यांच्यावर चावडीतला रेडिओ, शाळेतला एक दिवा आणि नर्सबाईंच्या बाळंतपणाच्या खोलीतला एक दिवा चालतो. पाकिस्तानशी लढाई झाली तेव्हा सगळं गाव त्या रेडिओभोवती बसलं होतं आणि मी बॅटऱ्यांपाशी. मला कुणी 'आबा' म्हणत नाही, 'बॅटरीवाले आबा' म्हणतात. मला ते आवडतं, लपवत कशाला बसू.

पण पवनचक्की उभी करणं सोपं, काकासाहेब. बॅटरी जगवणं अवघड. ती दुभत्या म्हशीसारखी आहे, पार पिळून काढली की आटते. एकेका बॅटरीत सहा घरं, म्हणजे कप्पे, आणि प्रत्येक घराची तब्येत वेगळी. पाणी कमी झालं की घालायचं, पण विहिरीचं नाही, त्यात क्षार असतो. काचेची एक पिचकारी असते, तिनं ॲसिड ओढायचं, आत एक बारीक दांडी तरंगते, तिच्यावरचा आकडा वाचायचा. आकड्यावरून कळतं कोणतं घर भरलंय आणि कोणतं कुरकुरतंय.

मनकर्णा लग्न होऊन आली आणि महिनाभरात माझ्या मागं येऊन उभी राहायला लागली. विचारलं, काय पाहिजे? म्हणाली, "आबा, ती दांडी वर आली की चांगलं का खाली गेली की?" हा प्रश्न तुमच्या जावयानं जन्मात विचारला नाही. मी तिला शिकवलं. ॲसिडात पाणी ओतायचं नाही, पाण्यात ॲसिड ओतायचं. तारेच्या टोकावर पांढरी बुरशी धरली की सोड्याच्या कोमट पाण्यानं धुवायची. आणि लोकरीला ॲसिड लवकर खात नाही, म्हणून माझ्या जुन्या घोंगडीचा तुकडा कापून तिला पुढं बांधायला दिला. त्या घोंगडीशिवाय ती कधी बॅटरीला शिवली नाही.

गेल्या साली दुष्काळात नगरहून येणारं बॅटरीचं बाटलीतलं शुद्ध पाणी मिळेना. जूनमध्ये एकच सर आली. तिनं अंगणात धुतलेलं पांढरं धोतर चार खुंट्यांना ताणून बांधलं, मधोमध एक गोटा ठेवला आणि खाली चिनीमातीची बरणी. पत्र्यावरचं पाणी नको, गंज उतरतो, असं ती मला सांगत होती. मी वर्कशॉपचा माणूस, मला हे सुचलं नव्हतं. त्या बरणीवर दोन्ही बॅटऱ्या वर्षभर जगल्या. धोतर माझंच होतं, अर्थात भोकांचं. पाणी पडायला बरं, म्हणाली.

मग पंचमीचं लुगडं का जळलं?

तुमचा मुलगा मुराळी म्हणून न्यायला आला होता, तो ओसरीवर चहा पीत बसला होता. एस.टी.ची वेळ झालेली. मनकर्णा तुमचं ते हिरवं लुगडं नेसून, कपाळ भरून तयार. मी म्हणालो, जा पोरी, बॅटऱ्यांचं मी बघतो. ती "हो" म्हणाली, आत गेली आणि पिचकारी घेऊन सगळी घरं तपासूनच बाहेर आली. घाईत घोंगडी बांधायची राहिली. मला वाटलं, पोरीला फार सवय लागली आहे.

आता इथं थांबावं आणि सही करावी असं फार वाटतं. जाब देऊन झाला. पण गोरक्ष अजून एक बोलला होता, ते राहिलं.

तो म्हणाला, "वहिनी दारातच हुत्या. पाटील येवढं बोलले, पन त्या एक शबुद बोलल्या न्हाईत. मला निघताना हळूच म्हनल्या, थोरल्या बॅटरीच्या तिसऱ्या घरात पानी कमी ऱ्हायलंय. आबांला सांगू नका, शाळेच्या मास्तरांला बघाया लावा."

आबांना सांगू नका.

काकासाहेब, पाट डुगडुगत नाही. दोन वर्षं झाली, मला पिचकारीतला आकडा दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मी कुणाला सांगितलं नाही. बॅटरीवाले आबा आंधळे झाले म्हणजे राहिलं काय? आणि मला वाटत होतं, मोठा हुशार मी, कुणाला पत्ता नाही. पिचकारी उजेडात धरायचो आणि गंभीर चेहरा करायचो, आणि शेजारून मनकर्णा हळूच म्हणायची, "आबा, बाराशे चाळीसच ना?" मी म्हणायचो, बरोबर, शिकलीस. मला वाटायचं मी तिची परीक्षा घेतोय.

गोरक्ष बोलून गेल्यावर मी मास्तरांना बोलावलं नाही. स्वतःच तिसऱ्या घरात पाणी ओतायला गेलो, बोटानं अंदाज घेत. जास्त झालं. ॲसिड वर येऊन शहाबादी फरशीवर फसफसलं. भागूबाई फडकं घेऊन आली, म्हणाली, "दिसत न्हाई तर न्हाई म्हना की. आमाला काय ठावं न्हाई व्हय? मनकर्णेनं आन घातली हुती, म्हनून गप बसले."

म्हणजे तुमच्या विहिरीवर चार बाया हसत असताना पोरीनं एवढंच सांगितलं असतं तरी पुरे होतं की भोकं ॲसिडची आहेत. मग कुणीतरी विचारलं असतं, सासरा बॅटरीवाला, मग तू का हात घालतेस? त्या प्रश्नाला उत्तर देण्यापेक्षा तिनं सासरची निंदा ऐकून घेतली आणि माहेरची बोलणी खाल्ली. सोन्यासारखं लुगडं गेलं, त्यावर एक शब्द नाही. अशी लेक तुम्ही घडवली, त्याचा मला अभिमान आहे. अशी सून माझ्या घरात आहे, याचा त्याहून जास्त.

नर्स विमलबाई काल येऊन गेल्या. म्हणाल्या, "दिवा लई पिवळा झालाय, आबा. पुढच्या आठवड्यात दोघी मोकळ्या व्हायच्यात. मनकर्णा कधी येनार?" मी बघतो म्हणालो. बघतो हा शब्द मी अजून सवयीनं वापरतो.

आता माझी विनंती. हे पत्र तुम्ही मनात वाचू नका. ओसरीवर मोठ्यानं वाचा. विहिरीवरच्या त्या चारही बायांना बोलावून घ्या, विहीणबाईंना पुढं बसवा, आणि मनकर्णेलाही. मोतीबिंदूचा मजकूर गाळू नका. तिनं घातलेली आण मी मोडतो आहे, तिला तेवढा राग येऊ द्या.

मग तिलाच विचारा. राहते म्हणाली तर तिची पेटी इकडून पोहोचती करीन आणि एका शब्दानं बोलणार नाही. येते म्हणाली तर तुम्हीच तिला घेऊन या, आणि एक दिवस मुक्काम करा. रीतीनं मुळाला मी यायला पाहिजे होतं. पण नगरच्या स्टँडवर गाडीची पाटी मला वाचता येत नाही. हे एक वाक्य लिहायला चार पानं लागली.

ती आली की मी नगरला जाऊन डोळे करून घेईन म्हणतो. आधी नाही. पट्टी बांधून पडलो तर बॅटऱ्या कुणाच्या भरवशावर?

ते लुगडं टाकलं नसेल तर सोबत द्यावं. भागूबाई म्हणते, गोधडीला लावीन, वर दिसेल असं. मनकर्णेला नवं लुगडं मी घेईन, तुम्ही मध्ये पडू नका. आणि तिला सांगा, थोरल्या बॅटरीच्या तिसऱ्या घरात पाणी आता जास्त झालंय. आबांनीच केलं.

आपला व्याही,
आणि मनकर्णेच्या हाताखाली बॅटऱ्यांचं काम करणारा,
उत्तमराव