भैरवी जाण्याआधी एक जपानी फिल्म

रविवार, ५ ऑक्टोबर. सकाळी.

ठरलं म्हणजे ठरलं. फिल्म करणार. जपानी पद्धतीची ॲनिमेशन फिल्म, पाच मिनिटांची, सगळी चित्रं माझी. ३१ तारखेला इथल्या, दोह्यातल्या मराठी मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात दाखवणार. मंडळ हा बहाणा. दाखवायची आहे आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या भैरवीला.

भैरवी बँकेच्या आयटीत आहे. कॉन्ट्रॅक्ट संपतंय. १ नोव्हेंबरला पुण्याला जाणार, कायमची. त्याआधी तिला कळलं पाहिजे. तोंडानं सांगायला मी घाबरत नाही. पण तोंडानं कुणीही सांगतं. लिफ्टमध्ये माझी स्केचबुक बघून ती म्हणाली होती, छान काढतोस रे. त्या 'रे'मध्ये सगळं आलं.

दादाचं म्हणणं, कॉलेज अर्धवट सोडून मी त्याच्या फ्लॅटमध्ये एसी खात बसलोय. कॉलेज मी सोडलं, कॉलेजनं मला नाही. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या पेपरात गिअरला डोळे काढले. सरांनी विचारलं, हे काय? म्हटलं, स्टाइल. त्यांनी पेपर फेकला, मी कॉलेज फेकलं. हिशेब मिटला.

त्याच दिवशी, दुपारी.

वसंतरावांना फोन केला. ते मंडळाचे सांस्कृतिक सचिव. म्हणाले, वा वा, कार्टून ना? मुलांच्या कार्यक्रमात घालू. मी शांतपणे सांगितलं की कार्टून वेगळं, हे वेगळं, याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. शांतपणे म्हणजे दादा बाथरूममधून बाहेर येऊन बघून गेला. वसंतराव म्हणाले, बरं बाबा, जेवणाआधी ताटं मांडेपर्यंतचा वेळ तुझा.

प्राइम टाइम. भुकेला माणूस सगळ्यात नीट बघतो.

बुधवार, ८ ऑक्टोबर.

कथा पक्की. टोकदार केसांचा तरुण (मी) वाळवंटात लांब वेणीच्या मुलीला (ती) शोधतोय. मध्ये महाकाय रोबोट. समुद्रावर लढाई, मागे दोह्याचे टॉवर, पाण्यात प्रतिबिंबं. शेवटच्या चित्रात तरुण म्हणतो, 'मी तुलाच शोधत होतो.' खलास.

सगळं कम्प्युटरवर करणार, आजकाल तिकडे होतं तसं. दादाचा जुना लॅपटॉप मागून घेतला. रोबोटचा उजवा हात झाला.

गुरुवार, ९ ऑक्टोबर.

हात हलवायला गेलो तर लॅपटॉप जो गोठला तो गोठलाच. दादाच्या बांधकाम साइटचे फोटो त्यात होते म्हणे. आधी सांगायचं ना मग. त्यानं माझ्या बापापर्यंत विषय नेला. मी म्हटलं, तो तुझाही बाप आहे. जेवलो नाही. नंतर जेवलो.

कम्प्युटर गेला ते बरंच झालं. खरं सोनं ऐंशीच्या दशकात. तेव्हाच्या मोठ्या फिल्म हातानं रंगवलेल्या. पावसाचा थेंब काचेवरून ओघळला तर तोही कुणीतरी बसून काढलेला. मी वाळूचा कण न् कण काढणार.

सोमवार, १३ ऑक्टोबर.

तरुणानं एक पाऊल टाकलं. उजवं. चार दिवस लागले. बोटं अशी आखडली की नोकरीच्या इंटरव्ह्यूला फॉर्मवर सही नीट येईना. इंटरव्ह्यू दादानंच जमवला होता, डॉक्युमेंट कंट्रोलरचा. तिथल्या मॅनेजरनं विचारलं, हॉबी काय? मी सत्तरच्या दशकातले रोबोट समजावून सांगितले. तो घड्याळ बघायला लागला. मी म्हटलं, सर, तुम्हाला वेळ नसेल तर मला पण नाही. बाहेर आलो.

पण बोलता बोलता सुचलं. सत्तरमध्ये ते लोक रोबोट जोडला जातानाचं दृश्य एकदाच काढायचे आणि दर आठवड्याला तेच दाखवायचे. पोरं वाटच बघायची त्याची. म्हणजे एक पाऊल पुरे. तेच परत परत दाखवायचं. यल्ला, चला कामाला.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर.

एकच पाऊल परत परत दाखवलं. शशिकलावहिनी भाजी निवडता निवडता बघत होती. म्हणाली, भाऊजी, हा लंगडतोय का वो? परभणीची माणसं. कौतुक असं नाहीच तोंडात.

तिला सांगितलं की साठच्या दशकात दर आठवड्याला टीव्हीवर भाग द्यायचा, माणसं कमी, पैसा कमी, म्हणून त्यांनी चित्रं वाचवली. माणूस स्तब्ध, फक्त ओठ हलतात. मागची सीनरी सरकवली की तो पळाला. गरिबीतून स्टाइल काढली पठ्ठ्यांनी. वहिनी म्हणाली, मग तुम्हाला तर सोपंच आहे, तुमचं पण तोंडच चालतं.

दुर्लक्ष. आता चालायचं नाही, फक्त ओठ हलवायचे. निम्मं काम गेलं. संयम ही पण कला आहे.

संध्याकाळी लिफ्टमध्ये भैरवी. हातात रिकामी खोकी. म्हणाली, पॅकिंग सुरू केलंय रे, तुझ्या फिल्मबद्दल वसंतकाका सांगत होते, मी नक्की बघणार. मी म्हटलं, हो. आणखी बरंच म्हणणार होतो, पण तिसरा मजला आला. या बिल्डिंगची लिफ्ट फार फास्ट आहे. तक्रार केली पाहिजे.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन.

ओठ जमेनात. तरुण बोलायला लागला की पान खाल्ल्यासारखा दिसतो.

हरकत नाही. आणखी मागे जाऊ. मुळाकडे. शंभर वर्षांपूर्वी तिकडे कागदाची माणसं कापून, थोडी थोडी सरकवून, एकेक फोटो काढत फिल्म करायचे. वहिनीनं आकाशकंदिलाला आणलेला रंगीत कागद घेतला. पूर्ण कंदील थोडाच घेतला, फक्त कागद. तरुण कापला, मुलगी कापली, टॉवर कापले, जमिनीवर नीट मांडले, मोबाइल स्टुलाला बांधला.

एवढ्यात एसीचा झोत फिरला. तरुण सोफ्याखाली. मुलगी लक्ष्मीच्या पुढ्यात, बत्ताशांवर. टॉवर सगळीकडे.

एसी बंद केला. सगळं घर घामाघूम. दादा नवीन कुर्त्यात होता. तो म्हणाला, गज्या, चालू कर. मी म्हटलं, कलेसाठी एक तास. तो म्हणाला, कला कुवतीप्रमाणे करावी. मी म्हटलं, तुझ्या साइटवर कामगार उन्हात उभे असतात तेव्हा तुला घाम दिसत नाही. मुद्दा जिंकला. मग उठून त्यानंच एसी चालू केला.

रविवार, २६ ऑक्टोबर.

फिल्म रद्द केलेली नाही. कुणी म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय. फिल्मच्याही आधीची गोष्ट सापडली आहे.

तिकडे पूर्वी सायकलवर लाकडी चौकट घेऊन माणूस गल्लीत यायचा. चौकटीत चित्रं. एकेक चित्र बाहेर ओढत तो गोष्ट सांगायचा, सगळे आवाज स्वतः काढायचा. कागदी रंगभूमी. जपानी ॲनिमेशनचा आजोबाच तो. आणि मी आजोबांपासून सुरुवात केली तर उलट जास्त अस्सल.

आठ चित्रं. काढून झाली. खरंच झाली. डोळे मोठे, नाक जवळजवळ नाही, हनुवटी टोकदार. पुतणी उर्वी सहा वर्षांची, मराठी सगळं कळतं पण बोलणार नाही. म्हणाली, काका, व्हाय डू दे हॅव द सेम फेस? मी समजावलं, चेहरा एकच असतो, केसांवरून माणूस ओळखायचा, ही परंपरा आहे. ओके, म्हणाली आणि गेली. बघा, लहान मुलाला कळतं.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर. दुपारी.

मेळावा. सायकल हॉलमध्ये आणू दिली नाही. वॉचमनशी वाजलं. चौकट हातात धरून उभा राहिलो. मागे ताटांचा आवाज, श्रीखंडाचा वास. वसंतरावांनी माइकवर सांगितलं, आता आपला गजेंद्र कार्टून सादर करेल. दात आवळले. इतिहासात नोंद राहील की मी काही बोललो नाही.

सुरू केलं. आणि देवाशप्पथ, हॉल शांत झाला. वादळाचा आवाज काढला, रोबोटचा काढला. एक आजोबा चमचा खाली ठेवून बघत होते. भैरवी तिसऱ्या रांगेत, निळ्या साडीत, शेजारी तिची रूममेट रुथ. आठवं चित्र ओढलं. थेट तिच्याकडे बघून म्हटलं, 'मी तुलाच शोधत होतो.' माझा आवाज फाटला. तो अभिनय नव्हता.

टाळ्या. खऱ्या टाळ्या. पुढच्या रांगेतल्या कमलिनीकाकू पदर डोळ्यांना लावत होत्या. भैरवीचेही डोळे ओले. मी पाहिलं. कुणी नाही म्हणू नये.

मग वसंतराव माइकवर आले. म्हणाले, नुकतीच भाऊबीज झाली, आणि परदेशात आपण सगळेच बहिणीच्या ओवाळणीला मुकतो, हरवलेल्या बहिणीला शोधणाऱ्या भावाची इतकी हृद्य गोष्ट या मुलानं सांगितली.

कमलिनीकाकूंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. चेहरा अगदी एकसारखा काढलास रे दोघांचा, म्हणाल्या, सख्खी भावंडं वाटतात.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

पुढचं लिहितो. लिहायला मी घाबरत नाही.

पार्किंगमध्ये भैरवी स्वतः आली माझ्याकडे. रुथ टॅक्सी बोलवत होती. भैरवी म्हणाली, मला माझ्या भावाची आठवण आली रे. मी ताडकन म्हटलं, ते भाऊ-बहीण नाहीत. ती थांबली. मग माझ्याकडे नीट बघितलं, लिफ्टमध्ये बघायची तसं नाही, वेगळंच. आणि हळू विचारलं, मग कोण आहेत?

मी म्हटलं, ही स्टाइल आहे. चेहरा एकच असण्यामागे कारणं आहेत. पूर्वी कागद कापून करायचे. मग साठचं दशक आलं, बजेट नव्हतं. मग सत्तर, रोबोट. ती उभी राहिली. ऐंशीत पाण्याचे थेंब. नव्वद. कम्प्युटर. टॅक्सी आली. रुथनं दोनदा हाक मारली. भैरवी म्हणाली, शुक्रन रे, छान माहिती दिलीस, काळजी घे.

घरी येताना गाडीत वहिनी म्हणाली, भाऊजी, ती पोरगी लई वेळ उभी होती वो. कशासाठी उभी होती, वाटतंय तुम्हाला?

इतिहास ऐकायला, म्हटलं. दुसरं काय.

शनिवार, १ नोव्हेंबर.

विमान दुपारचं होतं. गेलं असेल.

मला वाईट वाटलेलं नाही. भावना कुणीही सांगेल, पुण्यात ढिगानं पडलेत सांगणारे. कागदापासून कम्प्युटरपर्यंत असं सलग, पार्किंगमध्ये उभ्यानं, तिला कोण सांगणार आहे? एकही दशक सोडलं नाही मी.