चाकांवरच्या घरातली टाकी

हमद टाउन, बहारीन
९ ऑगस्ट १९९६

तीर्थरूप बाबांस,
दीप्तीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

माणसाला स्वतःच्या मैल्याची किळस येते, मग दुसरं कुणी तो उचलताना पाहून हसू कसं येतं? बी. कॉम. झाले, पण याचं उत्तर मला येत नाही.

आम्ही परवा जर्मनीहून सुखरूप परतलो. सरिताताई आणि दाजी बरे आहेत. तुम्हाला तळ्यांचं वर्णन हवं होतं. तळी खरंच सुंदर आहेत, काठाने सायकलींसाठी वेगळी वाट आहे. पण सायकलवर मी दोनदाच बसले. दाजींचे साहेब सबनीस आणि सबनीसवहिनी बरोबर होत्या, पाच जणांत एक मोटारहोम भाड्याने घेतलं होतं. चाकांवरचं घरच ते. ओटा, पलंग, संडाससुद्धा. त्या संडासाखाली सुटकेसएवढी टाकी असते. ती रोज सकाळी ओढून काढायची, गाड्यांच्या तळावरच्या मोरीत रिकामी करायची, धुवायची. निळं औषध आणि मैला यांचा मिळून जो वास येतो, तो अजून नाकातून गेलेला नाही. घरी येऊन वरणभातही गिळवत नाही.

पहिल्याच दिवशी वहिनींनी कामं वाटायला कागद घेतला आणि टाकीपुढे माझं नाव लिहिलं, मी लहान म्हणून. शेजारच्या गाडीतले पांढऱ्या मिशांचे आजोबा, निवृत्त हेडमास्तर, शीळ घालत स्वतःची टाकी आणायचे. झाकण कसं उघडायचं ते त्यांनीच मला दाखवलं. तोवर मला काही वाटलं नव्हतं. चौथ्या दिवशी मी टाकी धुऊन आणत होते, तेव्हा सबनीस साहेब खुर्चीतून म्हणाले की आपल्याकडे या कामाची जातच वेगळी असते, इथे बिचाऱ्या साहेबलोकांनाही करावं लागतं. दाजी हसले. बाबा, मोठ्याने हसले. ताई चहा गाळत राहिली.

त्याच दुपारी तळ्यातल्या बेटावरचा राजवाडा पाहिला. राजाचं जेवणाचं टेबल खालच्या मजल्यावर मांडून वर चढवायची योजना होती, म्हणजे वाढणाऱ्यांची तोंडं दिसायला नकोत. वहिनींना ही कल्पना फार आवडली. मला बाहेर कारंज्याजवळ उलटी झाली.

एक गोष्ट तुम्हाला आजवर लिहिली नव्हती. दाजींचं आडनाव मोरे, आपलं जाधव. दोन्ही कुठेही खपतात. आपण कोण ते सबनीसांना ठाऊक नाही. ते जेवायला येतात तेव्हा हॉलमधली बाबासाहेबांची तसबीर कपाटात, चादरींखाली जाते. निघताना ताईने बजावलं होतं की पंधरा दिवस जयभीम नको. मी ऐकलं.

आईला नमस्कार. लेकीवरचा लोभ कमी होऊ देऊ नये.

तुमची,
दीप्ती


खेड
२३ ऑगस्ट १९९६

चि. दीप्तीस,
बाबांचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू हात साबणाने धुतलेस का, असं तुझी आई विचारते. नगरपालिकेची बादली उचलणाऱ्याबरोबर सव्वीस वर्षं जेवलीस तेव्हा हे सुचलं नाही का, असं मी तिला म्हटलं. कालपासून रुसली आहे.

किळस येणारच. मलाही रोज यायची, निवृत्तीच्या दिवशीही आली. पण मी हजेरीपटावर नाव लावून, पगार घेऊन तो मैला उचलला, तुम्हा दोघींच्या हाती वही यावी म्हणून. तू नाव झाकून उचललास. जावई रुपेशराव हसले त्याचा राग मला हजार कोसांवरून कळवतेस, त्यांच्यासमोर का नाही काढलास? ती तसबीर मी तुला दिली होती, पदवीचा निकाल लागला त्या दिवशी. ती चादरींखाली जात होती तेव्हा तू कुठे होतीस?

सरितावर ओरडू नकोस. तिला तिथे संसार करायचा आहे. तू तुझ्यापुरतं बघ. दारचा पेरू यंदा बरा धरला आहे.

माया होती तेवढीच आहे.

तुझे बाबा


मनामा
७ सप्टेंबर १९९६

तीर्थरूप बाबांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र सित्र्याला ऑफिसला जाताना बसमध्ये वाचलं. मी कुठे होते विचारता, तर कपाटापाशीच होते. दर वेळी तसबीर चादरींखाली ठेवणारे हात माझेच होते. जर्मनीतल्या टाकीपेक्षा त्या हातांची मला जास्त शिसारी आली.

काल शुक्रवारी सबनीस सहलीचे फोटो पाहायला येणार होते. सकाळीच मी दाजींना सांगितलं की आज तसबीर भिंतीवरच राहील. ते म्हणाले की घर माझं आहे, बढती साहेबांच्या हातात आहे, विषय खलास. मी म्हटलं की त्या दिवशी तुम्ही माझ्या बाबांना हसलात. त्यांनी तसबीर काढली, खिळाही उपटला आणि अंघोळीला गेले. मी स्टूल ओढलं, दुसरा खिळा ठोकला. स्टूल डुगडुगत होतं. कुणीतरी धरलं म्हणून खाली पाहिलं, तर ताई.

दाजींनी तसबीर पुन्हा उतरवू नये म्हणून ताई दिवसभर हॉलमध्येच बसली. पाच वाजता सबनीस आले. मी तसबिरीखाली उभी राहून जयभीम म्हटलं. साहेब तसबिरीकडे पाहून दाजींकडे पाहत राहिले. वहिनींनी तोंडाशी नेलेलं भजं बशीत परत ठेवलं आणि रुमालाने एकेक बोट पुसलं. इतकं घाणेरडं मी त्या पंधरा दिवसांत काही पाहिलं नव्हतं. फोटो न पाहताच ते गेले.

दाजी माझ्याशी बोलत नाहीत. बढतीचं काय होईल ते मला माहीत नाही. ऑफिसातल्या भावनाच्या खोलीत एक खाट रिकामी होती, ती मी आधीच सांगून ठेवली होती. मनामाचा पत्ता पाकिटावर लिहिला आहे, इथेच लिहीत जावे.

आज सकाळी सामान हलवलं. तसबीर माझी म्हणून उतरवायला गेले, तर ताई म्हणाली, राहू दे. मी खिळा हलवून पाहिला, पक्का होता. तसबीर तिथेच ठेवून आले.

तुमची,
दीप्ती जाधव