सर ठणठणीत आहेत

३ फेब्रुवारी, सोमवार

काल परत हरलो! आपल्याच मैदानावर, आणि तेही तळाच्या संघाकडून. सामन्यानंतर सर पत्रकारांसमोर बसले आणि प्रश्न काय विचारला होता तेच विसरले. शेजारून मी उत्तर दिलं. छान दिलं. त्यांचा सहायक प्रशिक्षक म्हणून इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारीच तर बसतोय – एका बाजूला पाण्याची बाटली, दुसऱ्या बाजूला मी.

आज सकाळी क्लबवर आलो तर सर व्हिडिओच्या खोलीत, सोफ्यावर. अंगात कालचाच ट्रॅकसूट. घरी गेलेच नव्हते. "जरा डोळा लागला रे," म्हणाले. समोरच्या पडद्यावर कालचा तिसरा गोल अर्ध्यात थांबवलेला. मी कॉफी आणून दिली आणि म्हटलं, "सर, परत एकदा बघू या का?"

बघितला. पुन्हा पुन्हा बघितला. दर वेळी सर कप तोंडापर्यंत नेत आणि न पिताच खाली ठेवत. मला मजा येत होती. इथे तरी कशाला खोटं लिहू?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सरांच्या घरून वहिनींचा फोन. "भाऊजी, तुमचं ऐकतात ते. आठवड्यातनं एक दिवस तरी घरी जेवा म्हणावं. धाकटी परवा विचारत होती, बाबा गावाला गेलेत का."

म्हटलं, सांगतो वहिनी, आजच सांगतो.

कसलं सांगतोय! उलट संध्याकाळी पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या आणखी दोन सामन्यांचे व्हिडिओ त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवले. वर म्हटलं, "सर, हे तुमच्याच नजरेला कळेल." बिचारे खूश झाले.

९ फेब्रुवारी

बायको म्हणाली, "तुम्ही आणि तुमचे सर, दोघांनी लग्नच करून टाकायचं होतं." ताट वाढून ठेवलं होतं. गारच खाल्लं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज अध्यक्षांनी बोलावलं. एकट्याला! दार लावून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या सरांनी महिनाभराची सुट्टी मागितलीय. तोवर संघ तुम्ही सांभाळायचा, असं त्यांचं म्हणणं. खरंच एवढे थकलेत का हो? तुम्ही दिवसभर बरोबर असता."

तोंडाला पाणी सुटलं. पण महिनाच? मग सर झोपा काढून, गुटगुटीत होऊन परत येणार आणि मी पुन्हा बाटलीशेजारी! उसनी खुर्ची नको मला. आणि सुट्टी नाहीच मिळाली, तर? तर एकदोन सामन्यांत गडी आपणहून आडवा होईल. मग खुर्ची कायमची माझी.

म्हणालो, "छे हो! सर ठणठणीत आहेत. हरल्यावर जो तो दमतो. सुट्टी कसली, तोंड लपवायचंय त्यांना."

अध्यक्ष हसले. निघताना पाठीवर थाप मारली. असल्या थापेचा अर्थ मला बरोबर कळतो!

१४ फेब्रुवारी

सुट्टी नामंजूर. सर शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर गेले आणि ती वाजवायलाच विसरले. पोरं धावतच राहिली. मीही थांबवलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

झालं एकदाचं.

दोन गोलांनी मागे होतो. सर एकदम उठले, राखीव खेळाडूंच्या बाकाकडे वळले आणि ओरडले, "डावऱ्या, ऊठ! वॉर्म-अप कर!" डावऱ्या म्हणजे आमचा जुना विंगर. क्लब सोडून गेला त्याला दोन मोसम झाले. बाकावरचं कुणी हलेना. सर पुन्हा ओरडले, "डावऱ्या, ऐकू येत नाही का?" एक जण फिस्सकन हसला आणि मग अख्खा बाक खिदळायला लागला. मी हसू दाबलं. मग दाबलं नाही.

सर एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. मग तिथेच मैदानाच्या कडेला, टचलाइनवर मांडी घालून बसले आणि गवत उपटायला लागले. लहान मूल बसतं तसे. शेवटी राखीव पंचांनी हाताला धरून आत नेलं.

मी त्यांच्या जागी जाऊन उभा राहिलो. काय दिसतं तिथून मैदान!

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सरांना काढलं. मी नवा शर्ट घालून अध्यक्षांकडे गेलो. बसा म्हणाले नाहीत.

"तुम्हीही सामान आवरा. मुख्य प्रशिक्षक गेला की त्याची माणसं जातात, हे काय तुम्हाला सांगायला हवं?"

"पण साहेब, मला वाटलं होतं... मीच तर तुम्हाला त्या दिवशी..."

"हो, तुम्हीच सांगितलंत, ठणठणीत आहेत म्हणून. शेजारचा माणूस ढासळतोय ते तुम्हाला दिसलं नाही. मैदानावरचे अकरा काय दिसणार?"

दिसत होतं म्हणावं तर मी हलकट. गप्प बसावं तर आंधळा. गप्प बसलो.

घरी आलो. बायकोने विचारलं, आज इतक्या लवकर?

१ मार्च

सरांचा फोन आला. आवाज झोप झाल्यासारखा. म्हणाले, "तुझं फार वाईट वाटतं रे. थकलो तर मी होतोच, पण ती सुट्टी मागितली तुझ्यासाठी. मोसम संपला की मी थांबणारच होतो. म्हटलं, महिनाभर तू संघ चालवलास की तुलाच ठेवतील. पण कुणीतरी अध्यक्षांचे कान भरले, मी ठणठणीत आहे म्हणून. कोण असेल रे तो?"

म्हटलं, "बघतो, सर. शोधून काढतो."